हात-पाय पुन्हा हलते करायला गेमचा कन्सोल घरी कसा वापरावा

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली कधीकधी पोरांचा गेमचा कन्सोलही असतो. काही घरांत तो दुबई-कुवेतहून आलेल्या मामाने आणलेला असतो. सुट्टी संपली की कपाटावर जाऊन बसतो. त्याच घरात बरेचदा अर्धांगवायूतून उठलेले आजोबा असतात किंवा गुडघा बदललेली आजी असते, आणि दवाखान्यातून शिकवून पाठवलेले व्यायाम केव्हाच बंद पडलेले असतात. मी सिंधुदुर्गात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. या दोन गोष्टींची गाठ कशी घालायची, ते इथे क्रमाने सांगते.

आधी थोडं वास्तव. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली एक मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. नुकताच पक्षाघात झालेले १४१ रुग्ण होते. निम्म्यांना निन्टेन्डो वी कन्सोलवर खेळवलं, निम्म्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ दिले. दोघांनाही दोन आठवड्यांत तासाभराची दहा सत्रं. हाताच्या सुधारणेत दोन्ही गटांत फरक पडला नाही. पुढच्या वर्षी कॉक्रेन या संस्थेने अशा ७२ चाचण्या एकत्र तपासल्या, त्याचंही सार हेच होतं की नेहमीच्या उपचाराच्या जागी गेम दिला तर हाताला जास्तीचा फायदा दिसत नाही. पण नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून, म्हणजे एकूण व्यायामाचा वेळ वाढवण्यासाठी दिला, तर दिसतो.

म्हणजे यंत्रात जादू नाही. जादू असलीच तर ती तीच हालचाल पुन्हापुन्हा करण्यात, म्हणजे आवर्तनांत आहे, आणि माणूस कंटाळून मध्येच उठत नाही यात आहे. पक्षाघाताच्या रुग्णांकडून एका सत्रात प्रत्यक्षात किती हालचाली होतात हे अमेरिकेत २००९ साली मोजलं गेलं, तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज चारशे-सहाशे आवर्तनं लागली होती. ही दरी भरायला गेम उपयोगी पडतो, बाकी त्याच्याकडून फार अपेक्षा करू नका. आणि आजोबांना कॅरममध्येच जीव रमत असेल तर कन्सोल खुशाल कपाटावर राहू द्या. दुबळ्या हाताने स्ट्रायकर मारायला लावा, काम तेच होतं.

पहिली पायरी : कोणाला खेळवायचं, कोणाला नाही

फिट येण्याचा त्रास असेल तर लखलखत्या पडद्यासमोर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका. छातीत पेसमेकर असेल तरी आधी विचारा, कारण बिनतारी रिमोटबद्दल कंपन्याच सूचना देतात. रक्तदाब आटोक्यात नसेल, शस्त्रक्रियेचे टाके ओले असतील, हाड जुळायचं असेल, चक्कर येत असेल तर थांबा. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना कमरेतून पुढे वाकून झटका देणारे किंवा पिळवटणारे खेळ नकोत. खुबा बदललेल्यांना किती वाकायचं आणि पाय कुठवर वळवायचा याच्या मर्यादा सर्जनने दिलेल्या असतात. त्या गेमला माहीत नसतात, तुम्हाला असायला हव्यात.

पक्षाघातानंतर लुळा पडलेला खांदा हा वेगळाच विषय. स्नायू सैल पडल्यामुळे दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकलेलं असतं. खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा लागला तर त्या हातात रिमोट देऊ नका आणि तो हात धरून माणसाला उठवूही नका. आधी फिजिओला दाखवा. डेरवणचं वालावलकर रुग्णालय, रत्नागिरी, ओरोस, अलिबागची जिल्हा रुग्णालयं, यांपैकी जे जवळ पडेल तिथे एक खेप करा आणि विचारा, "कुठली हालचाल हवी, कुठली नको?" या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : आज कुठे आहोत ते मोजा

दोन मोजमापं पुरतात. पहिलं : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. घरात दोन फुटी लाद्या असतील तर पाच लाद्या म्हणजे तीन मीटर. बारा सेकंदांच्या वर वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असं समजतात, आणि अशा माणसाला सुरुवातीला बसूनच खेळवायचं.

दुसरं : भिंतीला कूस लावून हात वर न्यायला सांगा. बोटं जिथे पोचतील तिथे खडूने रेघ मारून तारीख घाला. पंधरवड्याने पुन्हा. गेमच्या गुणांपेक्षा या रेघेवर माझा जास्त विश्वास आहे.

तिसरी पायरी : घरात कुठलं यंत्र आहे ते ओळखा

नवीन विकत घेण्याच्या भरीस लगेच पडू नका. आधी भावकीत विचारा, कुणाकडे तरी जुना पडलेला असतो.

निन्टेन्डो वी २००६ सालचा. जुना असला तरी माझ्या मते आपल्या कामाला सगळ्यांत सोयीचा, कारण तो बसूनही खेळता येतो. हातातल्या रिमोटमध्ये वेगातला बदल ओळखणारा सेन्सर असतो. त्याला फक्त हात हलल्याचं कळतं, माणूस उभा आहे की बसलेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सोबत बॅलन्स बोर्ड मिळाला तर फारच उत्तम. चार कोपऱ्यांत चार वजन-सेन्सर असलेली ही पाटी तुमचा भार कुठल्या पायावर किती आहे ते पडद्यावर दाखवते. प्रयोगशाळेत पायाखालचा भार मोजणाऱ्या महागड्या फोर्स प्लेटशी तिची तुलना २०१० साली झाली होती, तेव्हा उभ्याचा तोल मोजण्यात ती चांगली उतरली.

एक्सबॉक्स ३६० या कन्सोलला जोडायचा काइनेक्ट कॅमेरा २०१० चा. त्यात हातात काहीच धरायचं नसतं. अदृश्य अवरक्त किरण टाकून तो शरीराचे वीस सांधे ओळखतो. मूठ वळत नाही अशांसाठी हे वरदान आहे. मात्र बसलेला माणूस त्याला नीट ओळखू येत नाही, आणि त्याचे बहुतेक खेळ उभ्यानेच खेळायचे आहेत.

निन्टेन्डो स्विच २०१७ चा. त्याचं 'स्विच स्पोर्ट्स' हलकं आहे. 'रिंग फिट' मात्र चांगलंच दमवतं. मांडीला पट्टा बांधायचा, हातातली रिंग दाबायची, जागच्या जागी धावायचं. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर फिजिओने परवानगी दिलेल्या तरण्या मुलाला ते ठीक. सत्तरीच्या आजीला नको.

परदेशातून आलेल्या यंत्राबाबत दोन खबरदाऱ्या. आपल्याकडे २३० व्होल्ट. आखाती देशांतून आलेल्याचा फक्त प्लग वेगळा असतो, पण अमेरिकेतून आलेल्या वीचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. तो थेट लावला की जळाला म्हणून समजा. स्विचच्या अडॅप्टरला ही भीती नाही, तरी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचूनच लावा. दुसरं, वीच्या डिस्क प्रदेशाप्रमाणे बांधलेल्या असतात. अमेरिकेच्या यंत्रात युरोपची डिस्क चालत नाही. आणि वी व ३६० यांची ऑनलाइन दुकानं आता बंद झाली आहेत, तेव्हा डिस्क हातात असेल तोच गेम आपला. आमच्याकडच्या रेंजचा विचार करता हे एका परीने बरंच, नेटवर काही अडून राहत नाही.

चौथी पायरी : जागा

ओटीवर वारा येतो, टीव्हीही तिथेच असतो, म्हणून सगळे ओटी निवडतात. काइनेक्टसाठी ते चूक. उन्हातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे पडवीतून तिरपं ऊन आत आलं की त्याला माणूस दिसेनासा होतो. माजघर निवडा किंवा ऊन उतरल्यावर खेळा. वीच्या रिमोटच्या तोंडाशी छोटा कॅमेरा असतो आणि टीव्हीवर ठेवायच्या पट्टीतले अवरक्त किरणांचे दोन ठिपके तो शोधत असतो. टीव्हीशेजारी देव्हारा असेल आणि समई तेवत असेल तर बाण पडद्यावर सैरावैरा पळतो. यंत्र बिघडलं म्हणून दुकानात नेण्याआधी तेवढं पाहून घ्या.

काइनेक्टला एका माणसासाठी पावणेदोन-दोन मीटर अंतर लागतं, दोघांना अडीचच्या आसपास. वीला त्याहून कमी चालतं, पण चारी बाजूंना हात पसरून काही लागत नाही ना ते बघा. पंख्याची उंचीही बघा. जुन्या घरांत तक्तपोशी खाली असते आणि उंच माणसाचा हात टेनिसच्या सर्व्हिसला वर जातो.

जमीन कोरडी आणि सपाट हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बॅलन्स बोर्ड डुगडुगतो आणि आकडे खोटे येतात. खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. गुळगुळीत लाद्यांवर मोजे घालून कधीच नाही. अनवाणी किंवा मागून पट्टा असलेली रबरी चप्पल. गोधडी, पायपुसणं, वायर, मांजर, सगळं बाजूला. पावसाळ्यात अंगणातून ओल्या पायांनी आत आलेला नातू या खेळात सगळ्यांत धोकादायक.

कपड्यांचंही सांगायला हवं. नऊवारी असो की पाचवारी, पदर कंबरेला खोचा. काइनेक्ट घोळदार कपड्यात पाय ओळखत नाही, आणि बोर्डवरून उतरताना निरी पायात येते. काठी किंवा वॉकर त्याला तिसरा पाय वाटतो. मागे आधाराला उभा राहिलेला मुलगा त्याला दुसरा खेळाडू वाटतो. तेव्हा मदतनीसाने थोडं बाजूला, दुबळ्या अंगाला, हाताच्या अंतरावर उभं राहावं.

पाचवी पायरी : खुर्ची आणि पकड

हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती सरकते. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट द्या. तोल सुधारायला उभं करताना पुढे डायनिंग टेबल किंवा जड बाक आणि मागे ही खुर्ची, असं मधोमध उभं करायचं.

पकड कमजोर असेल तर रिमोट तळहातावर ठेवून वरून क्रेप बँडेज सैलसर गुंडाळा. रिमोटची दोरी मनगटात हवीच. कुठल्या खेळात बटण लागतं ते आधी बघा. वी स्पोर्ट्सच्या बोलिंगमध्ये बटण दाबून धरून योग्य क्षणी सोडावं लागतं, ते लुळ्या बोटांना जमत नाही आणि माणूस चिडतो. टेनिसमध्ये नुसता हात फिरवायचा, पडद्यावरचा खेळाडू आपणहून धावतो. म्हणून सुरुवात टेनिसने. मेनू निवडायचं काम नातवाला द्या.

सहावी पायरी : कुठल्या तक्रारीला कुठला खेळ

पक्षाघातानंतरचा हात : टेनिस बसून. आधी फक्त कोपरातून, मग खांद्यातून. हात अजिबात उचलला जात नसेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून रिमोट मध्ये धरा, चांगला हात दुबळ्याला घेऊन जाईल. बोलिंग सगळ्यांना आवडतं, पण हिशेब करून बघा. दहा फ्रेमच्या पूर्ण डावात जास्तीत जास्त एकवीस फेकी, मध्ये नुसती चित्रं बघत बसणं. पहिल्या आठवड्यात दम घ्यायला ते बरं. पुढे तेवढ्याच वेळात टेनिसमध्ये कितीतरी अधिक आवर्तनं होतात.

काहींना पक्षाघातानंतर डाव्या बाजूचं भानच राहत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा वेळी टीव्ही बरोबर समोर ठेवा आणि मदतनीसाने डावीकडून बोलावं. नाहीतर माणूस अर्ध्या पडद्याशीच खेळतो आणि हरल्याचं कारण त्याला कळत नाही.

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर : बॅलन्स बोर्ड. ऑपरेशन झालेल्या पायावर भार द्यायला माणूस महिनोन् महिने घाबरतो आणि आपण चांगल्या पायावर उभे आहोत हे त्याला कळतही नाही. बोर्डसाठीच्या वी फिट या गेममधला भाराचा ठिपका ते उघडं पाडतो. आधी नुसतं उभं राहून ठिपका मधोमध आणायचा. मग टेबल कलंडवून गोळ्या भोकात पाडायचा खेळ, तो कंबरेतून हळूहळू भार हलवायला शिकवतो. डोक्याने फुटबॉल मारायचा खेळ वेगाचा आहे, तो शेवटी. बोर्ड पाच सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो, तेव्हा चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वी फिट तुमचं 'शरीराचं वय' काढून काहीबाही सांगतं. ते मनावर घेऊ नका, आजींना तर वाचूनच दाखवू नका.

फ्रोझन शोल्डर, मधुमेहींमध्ये फार दिसतो : आधी पाच मिनिटं शेक, मग काइनेक्टवर पाण्याच्या टाकीतली भोकं हाता-पायांनी बुजवायचा खेळ. हात सगळ्या दिशांना ताणला जातो. बॉक्सिंग नको, झटका बसतो.

पार्किन्सन : गोळीचा असर चांगला असतो त्या तासातच खेळवा. मोठे, पसरट हातवारे करायला लावा. खेळताना बोलायला लावू नका, पाय जागीच खिळू शकतात.

सातवी पायरी : गुणांकडे नाही, अंगाकडे बघा

या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं हेच, म्हणून इथे जरा रेंगाळते. वीच्या रिमोटला झटका कळतो, हालचालीची प्रत कळत नाही. सोफ्यावर लोळून नुसत्या मनगटाने झटका दिला तरी टेनिसचा पॉइंट मिळतो, हे घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. रुग्णाच्या शरीरालाही ते लवकरच कळतं. खांदा उचलत नाही, मग तो कानाकडे चढवतो. कोपर सरळ होत नाही, मग अख्खं धड पुढे फेकतो. गुण वाढत जातात आणि चुकीची सवय पक्की होत जाते.

म्हणून शेजारी बसणाऱ्याने पडद्याकडे पाठ करून बसावं. तीन गोष्टी बघायच्या : खांदा कानाकडे चढतोय का, पाठ खुर्चीपासून सुटतेय का, श्वास रोखला जातोय का. तिन्हींपैकी एक दिसली की खेळ थांबवा, खेळाची पातळी खाली आणा किंवा हालचाल लहान करा. धड पुढे जात असेल तर छातीभोवती जुनं पातळ घेऊन खुर्चीच्या पाठीला सैल बांधा. घट्ट नाही, नुसती आठवण राहील एवढं.

खेळणाऱ्याला मात्र "चुकलं, चुकलं" करत राहू नका. माझ्या एका आजींनी पहिल्या दिवशी रिमोट बाजूला ठेवून दिला होता. "ह्यो पोरांचो खेळ माका कित्याक?" म्हणाल्या. नातीविरुद्ध टेनिस लावलं आणि नातीला मुद्दाम डाव्या हाताने खेळायला सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना चेव आला. एकट्याने यंत्राविरुद्ध खेळण्यापेक्षा घरच्यांशी खेळणं जास्त दिवस टिकतं.

आठवी पायरी : किती, केव्हा आणि कुठे थांबायचं

पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा मिनिटं, मध्ये एकदा थांबून. दुसऱ्यात पंधरा. महिन्याभरात वीस-पंचवीस मिनिटांवर या, तेही जमल्यास सकाळ-संध्याकाळ विभागून, आठवड्यातून पाच दिवस. जेवणानंतर तासभर नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी तर मुळीच नको, शेजारी साखरेचा डबा असू द्या. मे महिन्यात दुपारी खेळवू नका, घामाने रिमोटही सटकतो आणि माणूसही.

जोर किती हवा? खेळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागली तर जास्त झालं. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर वेळ निम्मी करा. धडधाकट माणसालाही हे लागू आहे. २००७ साली एका तरण्या डॉक्टरचा खांदा तासन् तास वी टेनिस खेळून असा दुखावला की त्यावर वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आलं.

छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, नवीन बधिरपणा आला की लगेच बंद. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली तर "जरा पडून राहा" म्हणू नका. तत्क्षणी १०८ लावा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासच मिळतात, आणि आपल्या घाटवळणाच्या रस्त्यांवर त्यातला वेळ कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको.

नववी पायरी : पडद्यावरचं घरात आणा

टेनिस सुधारलं म्हणून फडताळातला डबा आपोआप काढता येत नाही. खेळ संपल्यावर लगेच, हात गरम असताना, दहा मिनिटं खरं काम करायला लावा. टेनिसनंतर दोरीवर कपडे घालणं, फळीवरचे डबे काढून परत ठेवणं. बॅलन्स बोर्डनंतर जांभ्याच्या पायऱ्या, त्या उंच असतात, पहिल्यांदा एकच चढा-उतरायची. एसटीची पहिली पायरी त्याहून उंच. तालुक्याला एकट्याने जायचं हे ध्येय असेल तर घरात तेवढ्या उंचीचा घट्ट ठोकळा करून घ्या आणि दांडी धरून सराव करा. नारळ खोवायला विळीवर खाली बसणं मात्र गुडघा बदललेल्यांनी विसरावं, टेबलाला लावायची खोवणी मिळते.

पावसाळ्यातली देखभाल

खारी, दमट हवा ही या यंत्रांची वैरीण. वापरात नसताना रिमोट आणि बोर्डमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून टोकं गंजतात. डिस्क आणि रिमोट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, प्लगच काढा. विजेचा दाब सारखा कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. उभ्याने खेळताना दिवे जाऊन अंधार होणं हा पडण्याचा हमखास मार्ग, म्हणून संध्याकाळच्या खेळाला इन्व्हर्टरवरचा एक तरी दिवा चालू ठेवा.

फिजिओला काय पाठवायचं

पंधरवड्यातून एकदा मोबाइलवर मिनिटभराचे दोन व्हिडिओ घ्या, एक समोरून, एक दुबळ्या बाजूने. टीव्ही नाही, माणूस दिसला पाहिजे, डोक्यापासून पायापर्यंत. सोबत तीन मीटर चालण्याची वेळ, भिंतीवरच्या रेघेचा फोटो आणि दुखलं असल्यास कुठे व किती वेळ. एवढ्यावर आम्हाला खेळ बदलायचा, उभं करायचं की प्रत्यक्ष बोलावून घ्यायचं हे ठरवता येतं. गुण किती झाले ते कळवू नका.